आज्ञापत्रातील आरमार : नियम, कारण आणि गुणवत्ता

प्रास्ताविक

'सैनिकी प्रशिक्षणातील गुणवत्ता व्यवस्थापन' ही संज्ञा आधुनिक असली, तरी तिच्यामागील विचार जुना आहे. माणसे बदलली तरी कामाची प्रत टिकून राहावी, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन होय. या दृष्टीने प्रस्तुत घटकात आपण रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'तील आरमारविषयक प्रकरणाचा विचार करणार आहोत.

पार्श्वभूमी

शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये खांदेरी बेटावर किल्ला उभारण्यास आरंभ केला. पुढे अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. इंग्रज व पोर्तुगीज यांनी 1721 मध्ये एकत्र येऊन कुलाब्यावर केलेली स्वारी निष्फळ ठरली. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे आंग्र्यांच्या या उत्कर्षकाळातच, शिवकाळापासूनचा राज्यकारभार पाहिलेल्या अमात्यांनी आज्ञापत्र सिद्ध केले.

आरमाराची मानके

आज्ञापत्रात कवायतीचा अभ्यासक्रम नाही. प्रशिक्षित आरमार ज्यावर उभे राहते त्या अटी मात्र आहेत. जहाजे फार मोठी नसावीत, फार लहानही नसावीत. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा व्हावा आणि सर्व सुभे एकाच सरसुभेदाराच्या आज्ञेत असावेत. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. बंदराच्या उत्पन्नावर तो सोपवल्यास व्यापाऱ्यांना उपद्रव होईल आणि बंदरे ओस पडतील. शत्रू शरण येऊन कौल मागू लागला, तरी आपले जहाज एकाएकी त्याच्याजवळ नेऊ नये.

गद्यशैलीचे वैशिष्ट्य

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. अमात्य केवळ आज्ञा देत नाहीत. ते वारंवार आज्ञेमागचे कारणही सांगतात. जहाजांसाठी आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, असे सांगून ते थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, हेही स्पष्ट करतात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. ज्याला केवळ नियम ठाऊक असतो, तो अनपेक्षित प्रसंगी अडतो. ज्याला नियमाचे कारण उमगलेले असते, तो नव्या प्रसंगीही योग्य निर्णय घेऊ शकतो. त्यामुळे आज्ञापत्राची कार्यकारणयुक्त वाक्यरचना हा केवळ शैलीविशेष राहत नाही. ती शिकवण्याची पद्धतही ठरते.

मर्यादा

लिखित मानक स्वतःचे रक्षण स्वतः करू शकत नाही. कान्होजींच्या मृत्यूनंतर (1729) आंग्रे घराण्यात कलह माजला आणि 1735 च्या सुमारास कुलाबा व विजयदुर्ग अशी सत्तेची वाटणी झाली. एका आज्ञेत चालणाऱ्या आरमाराचे तत्त्व येथेच ढळले. पुढे 1756 मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून गेले. हे आरमार समुद्रावरील शत्रूइतकेच घरातील दुहीमुळेही बुडाले. मानक लिहिणे ही गुणवत्तेची पहिली पायरी होय. त्याचे पालन करवून घेणारी अखंड सत्ता नसेल, तर उत्तम ग्रंथही आरमाराला तारू शकत नाही.

स्वाध्याय

1. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर सोपवू नये, या आज्ञेमागील कारणमीमांसा स्पष्ट करा.
2. 'नियमासोबत कारण सांगणे ही प्रशिक्षणाची पद्धत आहे.' आज्ञापत्राच्या आधारे चर्चा करा.