ओळखीची चाल

मुलांनो, सणासुदीला धाकट्या भावंडांना एखादे गाणे शिकवावे, असे तुम्हांला वाटत असेल. त्याची एक सोपी युक्ती खानदेशातील आयाबायांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चाल जुनी घ्यावी आणि शब्द नवे घालावेत.

भाद्रपदी पौर्णिमेला आपल्याकडे गुलाबाई बसते. गुलाबाई म्हणजे पार्वती. तेव्हापासून कोजागरीपर्यंत मुली सायंकाळी घरोघर जातात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखतात. गाणी पुष्कळ, पण चाली मोजक्याच. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात, त्या गाण्यांचीही हीच रीत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु जात्यावरच्या ओवीची लय त्यांच्या ओठी होती. तिच्या आधारे रचलेली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

ही युक्ती मला मात्र एका चिमुरडीने शिकवली. मी नुकताच शिक्षक झालो होतो. धुळ्यास पांझरेकाठच्या एका शाळेत पहिलीच्या मुलांसाठी मी सुगीचे एक गाणे रचले व त्याला नवी चालही लावली. चार दिवस घसा कोरडा केला; पण मुलांना दोन ओळीही येईनात. त्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरी अहिराणी बोलत. वर्गात एकदा सगळे तिच्या बोलण्याला हसले, तेव्हापासून तिने तोंड मिटले होते. हसणाऱ्यांना मीही आवरले नव्हते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ओसरीवर गुलाबाईची गाणी रंगली होती. पाहतो तो काय, तीच मुलगी पुढे होऊन खड्या आवाजात गात होती! मी माझे शब्द तिच्या चालीवर बसवले. तासाभरात सारा वर्ग गाऊ लागला. एकच ओळ अडखळत होती. ‘शेतामध्ये’ या शब्दाच्या मात्रा आठ. चालीत जागा सहांचीच. त्या मुलीने सहज ‘वावरमा’ म्हटले आणि ओळ नीट बसली. चूक सुधारण्यासाठी मी तोंड उघडले. पण लगेच मिटले. चूक तिची नव्हतीच. त्या दिवसापासून ती वर्गात बोलू लागली.

तुम्हीही असेच करा. प्रथम शब्दांवाचून चाल गुणगुणा. मग ध्रुपद शिकवा. त्यानंतर एकेक ओळ आपण म्हणावी व मुलांनी ती झेलावी. एका दिवशी एकच कडवे पुरे. ओळ अडली, तर मुलांना दटावू नका. मात्रा मोजा आणि शब्द बदला. तो शब्द मुलांच्या घरचा असेल, तर उत्तमच. घरचा शब्द शाळेत आला, म्हणजे त्याच्यामागून मूलही शाळेत येते.

अभ्यास
१. लेखकाचे गाणे मुलांना आधी का येईना?
२. ‘शेतामध्ये’ व ‘वावरमा’ या शब्दांच्या मात्रा मोजून दाखवा.
३. ‘चूक तिची नव्हतीच.’ मग ती कोणाची होती? तुमचे मत लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्यांकडून सणाच्या एका गाण्याची चाल शिका व त्या चालीवर चार ओळी रचा.