बाहेर काय जातं, तेही बघा

दारव्ह्याला भावाकडे फायबर आलं आणि घरात डेटा मोजणं बंद झालं. मोबाइलवरचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपला की आपण लगेच शोधतो, कशात गेला. फायबरच्या अनेक योजनांत महिन्याला ३,३०० जीबी मिळतात. ते संपत नाहीत, म्हणून कोणी बघतही नाही. वहिनींनी मात्र बघितलं. "भाऊजी, टीव्ही त बंद हाये, मंग हे रातभर काहून लुकलुकून राह्यलं?" राउटरकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

दिवा लुकलुकतो एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मोबाइल नुसते पडून असले तरी संदेश, बॅकअप, अपडेट चालूच असतात. म्हणून राउटरचं पान उघडलं. राउटर उलटा केला की स्टिकरवर पत्ता सापडतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, आणि युजरनेम-पासवर्डही तिथेच. यादीत मोबाइल होते, पुतणीचा लॅपटॉप होता आणि टीव्हीमागे लावलेला बिननावाचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स होता. पान रिफ्रेश केलं की बॉक्सपुढचा अपलोडचा आकडा वाढलेला दिसायचा. डाउनलोड नव्हे, अपलोड! सिनेमा बघायला चित्र बाहेरून घरात यावं लागतं; रात्री एक वाजता, टीव्ही बंद असताना, त्या बॉक्सकडे बाहेर पाठवण्यासारखं काय असणार? रिमोटने टीव्ही बंद होतो, बॉक्सचं अडॅप्टर बोर्डात चालूच राहतं. लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर राउटर आणि बॉक्स दोन्ही सुरू.

मग बॉक्स तपासला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये, 'अबाउट'खाली, उपकरण प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. आमचा बॉक्स प्रमाणित नव्हता.

अशा बॉक्सची कथा जगभर गाजलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या डॅनियल मिलिसिक यांनी विकत घेतलेल्या टी-९५ बॉक्समध्ये कारखान्यातूनच आलेला घातक प्रोग्राम त्यांना सापडला. पुढे या प्रकाराला 'बॅडबॉक्स' हे नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, तर जुलैत गूगलने अशा उपकरणांचं जाळं चालवणाऱ्यांवर खटला भरला. एक कोटीहून जास्त उपकरणं त्यात अडकल्याचं गूगलचं म्हणणं आहे. या जाळ्याचा एक धंदा असा, की तुमचं इंटरनेट परक्याला भाड्याने दिलं जातं. तो कुठेतरी बसून फसवणूक करतो आणि समोरच्याला पत्ता दिसतो तुमच्या घराचा. चौकशी आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात येते. नेट संथ होण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. फॅक्टरी रीसेट करूनही हा घातक प्रोग्राम जात नाही, कारण रोग मूळ सॉफ्टवेअरमध्येच असतो.

तुमच्या राउटरवर प्रत्येक उपकरणाचे वेगळे आकडे येत नसतील, तर रात्री सगळ्यांचं वाय-फाय बंद करा आणि एकेक जोडत जा. कोणतं जोडल्यावर एकूण अपलोड धावू लागतं ते कळतं. मात्र प्रत्येक अपलोड चोरी नसते. फोटोंचा बॅकअप रात्रीच जातो. विंडोजमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' इंटरनेटवरच्या संगणकांसाठी चालू असेल, तर तुमचा लॅपटॉप अपडेटचे तुकडे अनोळखी लोकांना वाटत बसतो. ते बंद करता येतं.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, बंद करा. टीव्ही आणि कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर टाका, म्हणजे त्यांच्यात काही घुसलं तरी बँकेचं ॲप असलेल्या मोबाइलपर्यंत पोचणं अवघड जातं. राउटरमध्ये डीएनएस १.१.१.२ ठेवलं तर ओळखीची बरीच घातक ठिकाणं उघडतच नाहीत.

मोबाइलला मात्र राउटर पुरत नाही, तो घराबाहेरही फिरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल निघाली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका असो की चलान, एपीके आली की उघडायचीच नाही. अँड्रॉइडवर 'नेटगार्ड'सारखं ॲप टाकलं, तर कोणत्या ॲपला नेट द्यायचं ते आपण ठरवतो. कॅल्क्युलेटरला आणि टॉर्चला ते कशाला हवं?

भावाने विचारलं, पुतणी काय बघते तेही यात दिसेल का? मी नाही म्हटलं, आणि दिसलं असतं तरी दाखवलं नसतं. अठरा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये तिच्या नकळत डोकावणं हा वेगळा विषय आहे आणि मला तो मान्य नाही. राउटरची यादी आम्ही तिच्यासोबत बसून बघितली. आता ती बघायचं काम तिच्याकडेच आहे.

असा बॉक्स सापडला तर आधी वायर काढा. मग मोबाइलवरून गूगल खात्याच्या 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. संगणकाची आणि मोबाइलची तपासणी करायला 'सायबर स्वच्छता केंद्र' या सरकारी संकेतस्थळावर मोफत साधनं मिळतात. पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता १९३० ला फोन लावा. आणि तो बॉक्स गावातल्या कोणाला "तुम्ही वापरा" म्हणून देऊ नका, त्यांच्याही घरी तो तेच करणार. सरळ ई-कचऱ्यात द्या.