परसातला मळा

सह्याद्रीच्या रांगेत, कळसूबाईच्या शिखराच्या परिसरात अकोले तालुका आहे. श्रावण-भाद्रपदात तेथील खेड्यांतील कित्येक घरे वेलींनी वेढून जातात. छपरावर भोपळ्याची रुंद पाने पसरलेली असतात. दोडक्याचा वेल कुडाच्या आधाराने वर चढलेला असतो. न्हाणीच्या मागे अळूची सुपाएवढी पाने डुलत असतात. घरामागच्या या मोकळ्या जागेला परस म्हणतात. सकाळी गृहिणी परसात जाते आणि घटकाभरात पदरात भाजी घेऊन परत येते. तिला बाजारही लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

परंतु सर्वच शेतकऱ्यांच्या घरी असे दृश्य दिसत नाही. ज्याच्या रानातून टोमॅटोची गाडी भरून नारायणगावच्या बाजाराला जाते, त्याच्याच घरी लेकरे चटणी-भाकरीवर दिवस काढतात. ही गोष्ट ऐकावयास विचित्र वाटते. पण ती खोटी नाही. शेतात ऊस असतो, कापूस असतो, सोयाबीन असते. ही पिके पैसा देतात. मात्र उसाची भाजी होत नाही आणि कापूस ताटात वाढता येत नाही! ताजी भाजी आठवड्याच्या बाजारातून येते, दोन-तीन दिवसांत ती संपते, आणि मग पुढच्या बाजारापर्यंत डाळ नाही तर चटणी. पोट भरते, म्हणून उणीव कोणाच्या ध्यानात येत नाही. शरीराच्या मात्र ती ध्यानात येते.

दिवेलागणीची वेळ झाली की काही मुले चाचपडत चालू लागतात. दिवसा त्यांना सर्व काही दिसते, पण अंधुक उजेडात समोरचा तांब्याही दिसत नाही. यास रातांधळेपणा म्हणतात. शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे न मिळाल्याने हा विकार होतो, आणि वेळीच उपाय न केल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. पूर्वी आपल्या देशात कित्येक बालकांचे डोळे असे गेले. म्हणून 1970 साली सरकारने लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सुरू केली. रक्तक्षयाचे दुखणे तर त्याहून अधिक पसरलेले आहे. 2019 ते 2021 या काळात देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 स्त्रियांच्या रक्तात हा दोष आढळला. चार पावले चालताच धाप लागणे, चेहरा फिकट पडणे, कामात मन न लागणे ही त्याची लक्षणे होत. घरात मुलगी अशी मलूल दिसू लागली की मोठी माणसे तिला आळशी म्हणतात. ती बिचारी आळशी नसते, तिच्या रक्तात लोह कमी असते!

आता परसाकडे पाहा. माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, मेथी या हिरव्या पानांत एक पिवळे रंगद्रव्य असते. पानाच्या हिरव्या रंगाखाली ते झाकलेले असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. लाल भोपळ्यात, गाजरात व पिकल्या पपईत मात्र ते उघड दिसते. या द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. पण त्यासाठी भाजीत थोडे तेल असावे लागते. पालेभाजीत लोहही असते. ते रक्तास मिळावे म्हणून भाजीवर लिंबू पिळावे. जेवण होताच चहा घेऊ नये, कारण चहामुळे ते लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास आणि उकडून पाणी फेकून दिल्यास त्यातील गुण पाण्याबरोबर मोरीत जातात. अळूची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या पानांत सुईसारखे अतिसूक्ष्म टोकदार स्फटिक असतात. त्यांमुळे घसा खवखवतो. म्हणून अळू चांगले शिजवावे लागते, आणि त्यात चिंच घालण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे 400 ग्रॅम भाजी असावी. मुलांना थोडी कमी धरली, तरी पाच माणसांच्या घराला दिवसाकाठी दीड किलोच्या वर भाजी हवी. एवढी भाजी रोज विकत कोण आणील?

ती पिकविण्यास मोठी जमीन लागत नाही. 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे मिळून एक एकर होतो. घरामागे एवढी जागा असली तर उत्तमच. नसली तरी चार आळी आणि एक मांडव कोठेही बसतो. अडचण असते ती पाण्याची. पण न्हाणीचे पाणी तर रोज वाहतच असते! ते नुसते सोडले की चिखल होतो, डास होतात. तेच पाणी लहानशी चारी काढून केळीच्या बुंध्याशी नेले की केळ पोसते, शेजारी अळू वाढते. साबणाचे फार पाणी असेल तर ते पालेभाजीच्या वाफ्यात मात्र सोडू नये. पावसाळ्यात दोडका, कारले, पडवळ, काकडी, थंडीत मेथी, मुळा, वांगी, उन्हाळ्यात शेवगा. याप्रमाणे ऋतूमागून ऋतू भाजी निघत राहते. वाल, चवळी, घेवडा या शेंगांच्या वेली तर जमिनीचेही देणे लागत नाहीत. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र वेलीला मिळवून देतात.

परसात हिंडणाऱ्या मुलांना तेथे पाहण्यासारखे पुष्कळ असते. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते, तर दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी. वेलीवर नर व मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो. परंतु मधमाशीने नर फुलातील पराग त्यावर आणून टाकला नाही, तर तो पिवळा पडून गळून जातो. परसात जहाल औषधे फवारून मधमाश्या मारणारा मनुष्य आपलीच भाजी मारतो.

पाणी मिळाले, जागा मिळाली, तरी बी हवेच. बाजारातील संकरित बियाणे भरघोस पीक देते. पण त्या पिकाचे बी धरून पुढील वर्षी पेरले तर तेच गुण उतरत नाहीत. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावरान वाणाचे तसे नसते. त्याचे बी घरचे घरी धरता येते. मात्र एक वर्ष पेरायचे राहिले, दुसऱ्या वर्षी कीड लागली, की पिढ्यान् पिढ्या चालत आलेला वाण गावातून नाहीसा होतो.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच ओळखले. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. शेतीत राबता राबता त्यांनी भाताचे, वालाचे, घेवड्याचे, रानभाज्यांचे व वेलभाज्यांचे गावरान वाण जमविले, पेरून पाहिले, जतन केले आणि इतर बायकांना दिले. बायफ या संस्थेचे त्यांना साहाय्य झाले. त्यांच्या घरीच बियाण्यांची पेढी उभी राहिली. पैशाच्या पेढीत ठेव कुलपात राहते. या पेढीतील ठेव मात्र दरवर्षी मातीत घालावी लागते, नाहीतर ती मरते. 2018 सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी धरण्याची रीत सोपी आहे, पण तिला संयम लागतो. वेलीवरचा सर्वांत निरोगी व भरदार दुधी हेरून ठेवावा लागतो. घरात भाजी नसली तरी त्याला कोणी हात लावायचा नाही. तो वेलीवरच जून होतो, त्याची साल लाकडासारखी टणक होते. मग तो उतरवून चुलीच्या वर, धुराच्या जागी टांगतात. काही महिन्यांनी आजी त्याला कानाशी धरून हलविते. आत बिया खुळखुळू लागल्या की तो तयार झाला. अक्षय तृतीया आली की परसात आळी खणली जातात, आणि त्या दिवशी तो दुधी फोडण्याचा मान घरातील धाकट्या मुलाला मिळतो.