फाटक गंजते का?
पावसाळ्यात विठ्ठलवाडीत फिरताना लोखंडी फाटकांवर तांबूस पोपडे दिसतात. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. तेलरंग पाणी व हवा अडवतो. पण ओरखडा पडला की तेथूनच गंज पोखरू लागतो.

सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या फाटकाचे तसे नाही. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील. म्हणून ओरखडा पडला, तरी ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. उलट, पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावल्यास ओलाव्यात स्क्रूच झिजतात आणि दार निखळते!

एक रंगवलेला व एक जस्ती खिळा ओरखडून वेगवेगळ्या पेल्यांत, मिठाच्या पाण्यात आठवडाभर ठेवा. आधी कोणता गंजला? त्यावरून फाटक निवडा.