भेट देण्यापूर्वी एक प्रश्न



हिवाळी सुट्टीवर जाण्यापूर्वी आपण हाउसमध्ये नाताळच्या भेटींसाठी चिठ्ठ्या काढतो. चिठ्ठीत नाव निघेल त्याला भेट द्यायची. त्या नावांत अनेक राज्ये आणि चार-पाच धर्म असतात. म्हणून हा छोटा पाठ.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. बंगळुरूतल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात मी शिवाजीनगरच्या बेकरीतून प्लम केक आणला आणि शेजारच्या जैन काकूंना हौसेने दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या दिवशी तोच खोका इमारतीच्या रखवालदाराकडे दिसला. मला राग आला. मग घरातल्या दुसऱ्या खोक्यावरचा मजकूर वाचला: अंडी, रम. काकूंनी माझे मन राखले होते. त्यांना पेचात मीच टाकले होते.

त्यातून शिकलो ते असे:

१. खाऊचे पाकीट उलटून वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. आपल्या देशात अंड्याचा पदार्थही मांसाहारीत धरतात. मात्र हिरवा ठिपका सगळेच सांगत नाही. कांदा, लसूण, बटाटा यांनाही हिरवाच ठिपका असतो आणि बरेच जैन ते खात नाहीत. मद्यात भिजवलेला सुकामेवा मुस्लिम मित्राला किंवा अमृतधारी शीख मित्राला चालणार नाही.

२. वस्तूही पारखा. केस राखणाऱ्या शीख मित्राला दाढीचे सामान देऊ नका. जैन मित्राला चामड्याचे पाकीट नको. मुस्लिम मित्राला देवाची मूर्ती नको. बौद्ध मित्राला गणपती देण्यापूर्वी आठवा, की 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत गणपतीची उपासना न करण्याचीही प्रतिज्ञा आहे.

३. भेटीतून उपदेश नको. सैन्यात एकाच सर्वधर्मस्थळात वेगवेगळ्या धर्मांचे जवान प्रार्थना करतात. शेजारच्याने आपलीच प्रार्थना म्हणावी, असा आग्रह तिथे कोणी धरत नाही.

गोव्यात ही समज जुनी आहे. नाताळला ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे गोडाचे ताट जाते. दोदोल तांदूळ, नारळ आणि गुळाचा, म्हणून शाकाहारी घरात चालतो. बेबिंकात अंड्याचा बलक असतो. ताट कोणाकडे जाणार ते पाहून पदार्थ निवडला, की दोन्ही घरांचा सण गोड होतो.

तरीही हे सारे ठोकताळेच. ख्रिस्ती मित्र शाकाहारी असू शकतो, जैन मित्राच्या घरचे नियम सैल असू शकतात. धर्मावरून माणूस ओळखू नका; सरळ विचारा, "तुला काय चालत नाही?" विचारण्यात कमीपणा नाही. आणि खर्चही फार नको. डिसेंबरात रेल्वेने उत्तरेकडे जाणाऱ्या मित्राला लोकरीचे हातमोजे, एरवी चांगले पेन किंवा टॉर्च, एवढे पुरे.

पुढच्या नाताळात मी काकूंना आधी विचारले. त्या हसून म्हणाल्या, "तिळाची चिक्की आणा." मी डबाभर चिक्की नेऊन दिली. आठवड्याने डबा परत आला, पण रिकामा नाही. त्यात मोहनथाळ होता.