संमत झालेल्या कायद्याविरुद्ध

विधेयक संसदेत संमत झाले की त्यावरील वाद मिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ चा इतिहास मात्र निराळा आहे.

हे कलम ज्या दुरुस्ती विधेयकातून आले, ते डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेत गोंधळ चालू असतानाच, जवळजवळ चर्चेवाचून संमत झाले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संगणकावरून अथवा भ्रमणध्वनीवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. आक्षेपार्ह कशास म्हणावे, याची व्याख्या नव्हती. व्यवहारात ती पोलीस ठाण्यावरील अधिकाऱ्यानेच करावयाची.

याचा अर्थ नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे उमगला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि त्या मतापुढे पसंतीची खूण करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. त्याच महिन्यात श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. नागरी स्वातंत्र्याच्या क्षेत्रातील संस्थाही पुढे आल्या. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने, अटकेपूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, अशी सूचना राज्यांना केली. पुष्कळ चळवळी अशा सवलतीपाशी विसावतात. येथे तसे घडले नाही. कारण आक्षेप अधिकाऱ्याच्या दर्जाविषयी नव्हता, तर कायद्याच्या संदिग्ध शब्दांविषयी होता.

२४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरविले. आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणारा १९७६ चा जबलपूर खटल्याचा निर्णय रद्दबातल ठरण्यास ४१ वर्षे लागली, हे ध्यानात घेता हे यश लवकर आले म्हणावयाचे.

परंतु रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेला पुन्हा न्यायालयात जावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्वत्र पाठविण्याचा आदेश झाला. तरीही १२ ऑक्टोबर २०२२ रोजी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास नव्याने बजावावे लागले. असे का घडावे, याचा उलगडा महान्यायवादींनी २०२१ मध्येच केला होता: कायद्याच्या पुस्तकांत कलम जसेच्या तसे छापलेले असते आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते. अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.