उंट, सौदागर आणि मातीवरची झिलई

चीनमध्ये तांग घराण्याचे राज्य होते (इ.स. ६१८ ते ९०७). त्या काळचे मातीचे उंट आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. दोन वशिंडांचा उंट, पाठीवर रेशमाच्या लडी आणि पाण्याची सुरई, शेजारी दाढीवाला, उभट टोपी घातलेला परदेशी माणूस. त्याच्या मुठी दोर धरल्यासारख्या वळलेल्या असतात, हातात दोर मात्र नसतो. अशा मूर्ती घरात ठेवण्याचा दीनी मसला वेगळा. येथे आम्ही फक्त हुन्नर आणि तिजारत यांपुरते पाहत आहोत.

हे सौदागर बहुधा समरकंद-बुखारा भागातले सोग्दी. दाढी पाहून त्यांना मुसलमान ठरवण्याची घाई नको. समरकंद अरबांच्या ताब्यात आले ते ७१२ मध्ये. सोग्दी व्यापारी त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून चीनच्या बाजारात होते.

कारागिरी पाहण्यासारखी आहे. पांढरट माती साच्यात दाबून भाग वेगवेगळे काढायचे, ओल्या मातीच्या लगद्याने जोडायचे, आणि झिलईशिवाय एकदा भाजायचे. मग शिशाची झिलई चढवून कमी आचेवर दुसरी भट्टी. झिलईत तांबे घातले की हिरवा, लोखंड घातले की पिवळा-तपकिरी, कोबाल्ट घातले की निळा रंग येतो. ही झिलई भट्टीत पातळ होऊन ओघळते. उंटाच्या अंगावर ते ओघळ शोभतात, पण माणसाचे नाक-डोळे त्यात बुडतील. म्हणून चेहरे पुष्कळदा झिलईशिवाय ठेवून भाजल्यानंतर रंगवीत. आपल्या मालाची खोड ओळखून काम करणे ते हेच.

उंटाच्या पाठीवर लादून याच मूर्ती परदेशी जात, असा काहींचा समज होतो. तो चुकीचा आहे. त्या मुख्यतः कबरीत ठेवण्यासाठी बनत. कुणाच्या मय्यतीला किती नग, हेही सरकारी नियमाने ठरलेले होते: तिसऱ्या दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याला ९०, पाचव्यापर्यंत ६०, नवव्यापर्यंत ४०. जेवणाच्या भांड्यांना ही झिलई योग्य नव्हेच. आजही शिशाची झिलई असलेल्या भांड्यात लोणचे किंवा चिंचेचे सार ठेवले तर शिसे अन्नात उतरते. भांडी विकणाऱ्या बांधवांनी हे गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगावे.

मग परदेशी माल कोणता जात होता? इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये एका बुडालेल्या जहाजाचा शोध लागला. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरीने शिवलेल्या होत्या. आत सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. एका वाडग्यावर ८२६ सालची तारीख आहे. बहुतेक माल चांगशा येथील भट्ट्यांचा, कडक आचेवर भाजलेला, रोजच्या वापराचा. जहाज अब्बासी खिलाफतीच्या बंदरांकडे निघाले असावे, असे अभ्यासक मानतात. काही वाडग्यांवर अरबी अक्षरांसारख्या रेघा आहेत. त्या वाचता येत नाहीत. काढणाऱ्यालाही अरबी येत नसावी. माल कोणाकडे जायचा, हे मात्र त्याला ठाऊक असावे.